जातं आमचं, ओवी त्याची

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोणावळ्यात आमच्या शेजारी एक परदेशी संगीतकार राहायचा, देश सोडून पळून आलेला. पहाटे आमच्याकडे दळण असलं की तो पडवीत येऊन बसे. जवळच्या कुरवंडे गावच्या मावशी जात्यावर दळत, आणि ओव्या ऐकताना ह्याची बोटं गुडघ्यावर फिरत.

एका रविवारी त्याने मित्रांना जमवून, चार तंतुवाद्यांसाठी रचलेलं नवं संगीत वाजवलं. सगळ्यात मोठ्या वाद्यात जात्याची घरघर होती.

मावशी म्हणाल्या, "जातं आमचंच हाय. पर ओवी ह्याच्या म्हायेराची दिसती."

मी त्याला इंग्रजीत माहेर समजावलं.

आपल्या वाद्याचा गज पुसत त्याने विचारलं, "आणि ते घरच उरलं नसेल तर?"

मी मावशींना सांगितलं.

"तवा तर लय ओव्या सुचत्यात."

ते ऐकून त्याने एवढंच विचारलं, "पुढचं दळण कधी?"