बाटलीतले खडे

औषधाची रिकामी बाटली लेबल सोलून, धुऊन नवऱ्याने टीव्हीशेजारी ठेवली होती. आत बायकोच्या पित्ताशयातून निघालेले खडे होते, हिरवट-काळपट, मसुराएवढे. पाहुणा आला की तो बाटली त्याच्या कानाशी हलवायचा.

"ऐका. एवढा माल पोटात घेऊन आमची बाई फिरत होती."

पाहुणे हसत. तीही हसे. हसली नाही की हिला चेष्टा कळत नाही, हे घरात ठरलेलं होतं.

तो नळाची कामं करायचा, ती लाँड्रीत इस्त्री. कॉलर टोकाकडून मध्याकडे दाबत न्यायची, नाहीतर टोकाला चुणी पडते. दिवसभर उभं राहून ती अनोळखी माणसांच्या कॉलरी सरळ करी.

ऑपरेशन करून पित्ताशय काढल्यावर थोडे आठवडे बरे गेले. मग दुखणं परतलं. तीच जागा, उजव्या बरगडीखाली, आणि तिथून पाठीत शिरणारी तीच कळ.

"टाकीच काढलीय, आता पाइपात काय राहणार?" नवरा म्हणाला. "मनाचे खेळ आहेत तुझे."

"बाटली बघ जरा," सासूने पलंगावरून सुचवलं, "म्हणजे बरं वाटेल."

ही गंमत घराला फार आवडली. ती कण्हली की कुणीतरी बाटली वाजवायचं. हळूहळू तिने कण्हणं सोडलं. अंगाला खाज सुटायची, लघवी काळ्या चहासारखी व्हायची, पण ती कुणाला सांगायला गेली नाही. आरशात डोळे पिवळे दिसले, तेव्हा तिला वाटलं, बल्ब खराब झाला असेल.

एका दुपारी तापलेल्या इस्त्रीशेजारी तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, हात जागच्या जागी थांबला आणि कॉलर करपली. ओरडायला आलेला मालक तिचे डोळे पाहून दोन पावलं मागे सरला.

"कावीळ झालीय तुम्हाला. कपड्यांना हात लावू नका. घरी जा."

वरच्या दांडीवरचे कपडे काढायची काठी त्याने घेतली, तिची पर्स काठीच्या टोकाला अडकवली आणि लांबूनच पुढे केली.

घरी तिचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. दुखण्यावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचा कावीळ लागण्यावर चटकन बसला. सासू तोंडाला रुमाल लावून म्हणाली, "हलव रे हिला. घरात म्हातारं माणूस आहे." अशी ती दवाखान्यात पोचली.

"ही लागणारी कावीळ नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पित्ताच्या नळीत खडा राहिलाय. मागे पू झालाय. आणखी थांबला असता तर बाई हातची गेली असती."

"पण टाकी तर काढली ना?" नवऱ्याने विचारलं.

"काम काय करता तुम्ही?"

"प्लंबर आहे."

"टाकी काढली की पाइपातला गाळ जातो?"

तिला हसायचं होतं, पण अंगात ताप फार होता.

तोंडातून दुर्बीण घातली. नळीचं तोंड जरासं कापून बारीक जाळीने खडा ओढला आणि आतड्यात सोडून दिला. पित्त वाहतं राहावं म्हणून नळीत प्लॅस्टिकची छोटी नळी बसवली.

"ही काढायला आठवणीने आणा. विसरलात तर तीच तुंबेल, आणि पुन्हा हेच सगळं."

"आणि खडा?" नवऱ्याने विचारलं.

"शौचावाटे जाईल."

"म्हणजे हातात काहीच नाही." तो खरोखर हिरमुसला.

पाहुण्यांना तो आता सांगू लागला, "आणखी एक होता म्हणतात. आम्ही काही पाहिला नाही."

नळी काढायचा दिवस आला, तेव्हा तो दाढीचं सामान शोधत होता.

"पिवळेपणा गेला, जेवतेस-खातेस. राहू दे ती नळी. माझी तात्पुरती कामं लोकांकडे वर्षानुवर्षं टिकलीत."

"तुंबेल म्हणाल्यात त्या."

"तुंबली की बघू."

तिने केस विंचरले, पर्स घेतली. मग टीव्हीशेजारची बाटली उचलून बेसिनमध्ये उपडी केली. खडे जाळी तुटलेल्या भोकातून टपटप आत गेले. ते बेसिन आधीच कुंथत वाहायचं. लोकांचे नळ दुरुस्त करण्यात घरचं राहून गेलं होतं.

तोंडाला फेस लावून तो आला. नळ सोडला, पाणी चढत गेलं आणि काठावरून त्याच्या पायांवर सांडलं. पाना घेऊन तो बेसिनखाली उताणा झाला. वाकडा पाइप सैल करताच साबणाचं काळं पाणी त्याच्या तोंडावर आलं.

"काय अडकलंय काही कळत नाही," तो थुंकत म्हणाला. "काय टाकलंस गं यात?"

"काही नसेल," ती म्हणाली. "मनाचे खेळ असतील."

रिकामी बाटली तिने टीव्हीशेजारी जिथल्या तिथे ठेवली. वाटेत आडव्या पसरलेल्या त्याच्या पायांवरून पलीकडे पाऊल टाकलं आणि एकटीच दवाखान्याला निघाली.