अभ्र्याची सावली

घराबाहेर पडताना ती आधी आकाशाकडे बघायची, मग पायऱ्यांकडे. त्यामुळे एक-दोनदा पडलीही. बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं की त्याच्या कडेवरून बोट फिरवायची. हवा आत शिरते ती कडेनंच, असं तिचं म्हणणं. कुठलीही गोष्ट दोनदा मोजायची आणि कमी भरलेला आकडा सांगायची. वय मात्र जास्त सांगायची. कौतुक करायचं झालं तर ‘वाईट नाही’ म्हणायची. दादाचं लग्न ठरलं तेव्हा वहिनीला पहिल्यांदा बघूनही तिनं हेच म्हटलं होतं. वहिनी ते अजून विसरलेली नाही.

ती सौरघट बनवायची. नेहमीच्या निळ्या पाट्यांचे नव्हेत, पेरोव्हस्काइटचे. हा पदार्थ द्रावणातून काचेवर शाईसारखा पसरवतात. वाळला की काळपट तपकिरी, पातळ थर बसतो आणि तो उन्हाची वीज करतो. स्वस्तात करतो, भरपूर करतो. फक्त नाजूक फार. दमट हवा लागली, गरम झाला, की पिवळा पडतो आणि काम सोडतो. प्रयोगशाळेतल्या पोरांना विजेचा आकडा वाढवण्यात रस होता. आकडा वाढला की केक कापत. तिला टिकण्यात रस होता. टिकण्याचा केक कधी कापायचा हे कुणालाच ठरवता येत नसे.

एका कंपनीनं शब्द दिला होता. उघड्या गच्चीवर या घटांची पाटी वर्षभर ठेवा. दहावा हिस्सासुद्धा ताकद कमी झाली नाही, तर पुढच्या तीन वर्षांचा खर्च आमचा. तिची नोकरी कंत्राटी होती आणि त्या वर्षाबरोबरच संपणार होती. म्हणजे पाटी टिकली तर ती टिकणार.

प्रयोगशाळेच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या आणि अर्धा दिवस त्यांची सावली. म्हणून ती दादा-वहिनींसोबत राहायची त्या इमारतीच्या गच्चीवर तिनं पाटी बसवली. तिथे कपडे वाळत. तिनं दोऱ्या सोडून पलीकडच्या भिंतीला बांधल्या, जिथे दुपारनंतर ऊन नसे. कुणाच्या हातात ओली चादर दिसली की ती जिन्यात आडवी जायची. इमारतीत तिला सावलीबाई म्हणू लागले. तिला ते माहीत होतं. वाईट नाही, म्हणाली.

सगळ्यात जास्त हाल वहिनीचे. चादरी दोन-दोन दिवस जिन्याच्या कठड्यावर लोंबायच्या आणि घरभर कुबट वास सुटायचा.

“वन्सं, ऊन काय तुमच्या एकटीच्या नावावर आहे का?” वहिनीनं एकदा विचारलं.

तिनं गंभीरपणे सांगितलं की फक्त या वर्षापुरतं.

दहा महिने सुरळीत गेले. आकडा इतका कमी घसरत होता की प्रयोगशाळेचे सर दिवसातून दोनदा तिच्या टेबलाशी येऊन उगाच उभे राहत. सर तिच्याहून लहान होते आणि आनंद झाला की त्यांना बसवत नसे.

मग तिला ताप आला. दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. वहिनीनं तिची घामेजली उशी बदलली, अभ्रा धुतला आणि लवकर वाळावा म्हणून जुन्या जागी एक दोरी बांधून तिच्यावर वाळत टाकला. एकच अभ्रा. त्याची सावली दुपारभर पाटीच्या एका कोपऱ्यावर पडली.

ताप उतरल्यावर ती वर गेली. कोपऱ्यातली एक पट्टी पिवळी पडली होती. पाटीतल्या पट्ट्या एकीला एक जोडलेल्या असतात; सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. एक सावलीत गेली की बाकीच्या उन्हातल्या पट्ट्या तिच्यातून जबरदस्तीनं वीज ढकलतात. सावलीतली बिचारी त्यात जळते. अख्ख्या पाटीचा आकडा खाली आला होता.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, सावली हा अपघात. त्यात पदार्थाचा दोष नाही. तो कोपरा बाजूला ठेवून बाकीच्या पाटीचा आकडा द्या, खाली बारीक अक्षरात तळटीप घाला. तसं करणं अगदीच खोटं नव्हतं. ती हो म्हणाली. घरी आली आणि वहिनीनं बांधलेली दोरी सोडायला गच्चीवर गेली.

दोरीची गाठ घट्ट होती. सोडवता सोडवता तिचा हात थांबला. ही पाटी शेवटी घरांवर बसणार होती. घरांवर दोऱ्या असतात. पक्षी असतात, पाचोळा असतो, शेजाऱ्यांनी वाढवलेला मजला असतो. दहा महिने तिनं पाटीला अशा गच्चीवर ठेवलं होतं जी जगात कुठेच नसते. ऊन खरं होतं, गच्ची खोटी होती. आणि ती खोटी करायला ती स्वतः जिन्यात आडवी उभी राहत होती.

ती खाली आली. वहिनी स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. कुणी न विचारताच वहिनीनं सांगून टाकलं, की चूक झाली, पुन्हा एक रुमालसुद्धा वर जाणार नाही.

“घाला,” ती म्हणाली. “उद्यापासून रोज घाला. जुन्याच जागी.”

“टोमणे मारू नका, वन्सं. चुकले म्हटलं ना.”

“टोमणा नाही. काम आहे.”

वहिनीला ते पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं साठलेल्या सगळ्या चादरी वर नेल्या आणि कुणाची परवानगी न घेता वाळत घातल्या. महिन्याभरात पाटी पिवळी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिनं रोजचा आकडा दोनदा घेतला आणि कमीचा सरांना दिला. तळटीप घातली नाही. सर बसून राहिले.

कंपनीचा माणूस पाटी बघायला आला. दादाची पॅन्ट डोक्यावरून बाजूला सारत पाटीपाशी पोचला. म्हणाला, चांगले आकडे आम्हाला सगळेच दाखवतात. पाटी कशानं मेली हे कुणी दाखवत नाही. तिला वाटलं, आता पैसे देणार. कंपनीनं पैसे दिले नाहीत. सहा महिने दिले, तिची नोकरीही तेवढीच वाढली. तेवढ्यात सावली सोसणारी पाटी करून दाखवा, मग बोलू.

तिनं नव्या पाटीच्या पट्ट्या अरुंद केल्या आणि प्रत्येक पट्टीला एक डायोड जोडायला घेतला. डायोड म्हणजे दोन पायांचा, तांदळाएवढा तुकडा. पट्टी सावलीत गेली की वीज त्याच्यातून बाजूनं निघून जाते, पट्टी वाचते. प्रयोगशाळेत पोरांचा गलका असे, म्हणून हे काम तिनं घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडलं. वहिनी म्हणाली, आधी गच्ची घेतली, आता टेबल. आणि ताटं घेऊन जमिनीवर बसली.

एका सकाळी बसथांब्यावर बस आली आणि ती उठली नाही. हृदय बंद पडलं होतं, डॉक्टर म्हणाले. छातीत दुखतं असं तिनं कधी सांगितलं नव्हतं. बहुधा तेवढंच तिनं दोनदा मोजलं नसावं.

सर घरी येऊन गेले. पाटी प्रयोगशाळेत नेऊ, तिथली पोरं पुरी करतील, असं म्हणाले. वहिनी म्हणाली, न्या. पण त्यांनी उचलायला हात लावला तेव्हा ती टेबलासमोर आडवी उभी राहिली. सर चहा पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत.

डाव्या बाजूच्या पट्ट्यांना डायोड लागले आहेत. मधल्या एका पट्टीवर एक डायोड एकाच पायानं चिकटला आहे, दुसरा पाय हवेत आहे. उरलेले वाटीत आहेत.