आतोबांनी ढवळलेलं अळू

जगातली प्रत्येक चांगली गोष्ट मुळात वेंगुर्ल्याची असते आणि परक्यांच्या हाती पडून तिचं वाटोळं झालेलं असतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या बायकोचे आतोबा. कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून इंग्लंडच्या हॉस्पिटलांत उभी हयात काढून ते क्रॉयडनला स्थिरावले होते. मी पुण्याहून वर्क व्हिसावर तिथल्या एका ऑफिसात आलो, तेव्हा आम्ही त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फ्लॅट घेतला. ही बायकोची हौस. आतोबांना इटालियन जेवायला नेलं की ते म्हणत, "आमच्या शेवयाच ह्या. फक्त ह्यांना त्यांचं काय करायचं ते कळलेलं नाही." फिश अँड चिप्सच्या दुकानात माशाला रवा का लावत नाहीत, हे ते काउंटरवरच्या बाईंना इतक्या आस्थेने विचारत की मागची रांग मुकाट्याने पांगे. समोरचा माणूस बोलत असला तर त्याच्या डोळ्यांत न बघता उघड्या तोंडातून आत बघत, आणि ऐन रंगात आलेल्या गोष्टीच्या मध्येच "टॉन्सिल्स काढलेले दिसतात" असं म्हणून मोकळे होत.

दर शनिवारी दुपारी ते मला ट्रॅममध्ये घालून एका छोट्या फिलिपिनो रेस्टॉरंटमध्ये नेत. ते चालवणारी बाई एकेकाळी त्यांच्याच वॉर्डात नर्स होती, त्यामुळे ते तिला अजून 'सिस्टर' म्हणत आणि ती त्यांना 'डॉक'. तिचं माहेर बिकोल नावाच्या प्रांतातलं. तिथे सगळं काही नारळाच्या दुधात आणि मिरचीत शिजवतात, आणि तिच्याकडे जेवण मिळे ते तिथलंच. त्यातला एक पदार्थ म्हणजे लाइंग : वाळवलेली अळूची पानं, सुकट आणि नारळाचं दूध. पहिल्यांदा ते पुढ्यात आलं तेव्हा आतोबांनी काटा-चमचा बाजूला ठेवून हाताने भात कालवला, एक घास घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, हे वेंगुर्ल्याहून गलबतातून गेलंय."

तेव्हापासून दर शनिवारी लाइंग मागवायचं, दोनदा भात घ्यायचा आणि ताट स्वच्छ झालं की सिस्टरला बोलावून त्यातल्या चुका सांगायच्या, हा क्रम ठरून गेला. "चिंच कुठाय ह्यात? आणि घोटलेलं का नाही?"

"डॉक, पानं शिजेपर्यंत ह्याला हात लावायचा नसतो. ढवळलं की घसा खाजतो."

"घशाचं तुम्ही मला सांगताय?"

"ऑपरेशन थिएटर तुमचं होतं. किचन माझं आहे," असं म्हणून ती ताट उचलून नेई. दोघंही खूश असत.

मग एका शनिवारी तिच्याकडे एका बाळाच्या बाप्तिस्म्याची पार्टी होती. आत्यांनी बजावूनही आतोबा गेले, आणि अर्थातच मीही. सिस्टर पाहुण्यांसाठी खुर्च्या लावायला बाहेर आली आणि तेवढ्यात आतोबा हात धुण्याच्या निमित्ताने आत गेले. जरा जास्तच वेळ हात धुऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी केस मार्गी लावल्याचं समाधान होतं. पाऊण तासाने बाळाचे आजोबा खाकरले. मग आई, मग पाद्री. थोड्याच वेळात सगळा हॉल घसे खाकरत होता. आतोबा लगेच उठले आणि खिशातला छोटा टॉर्च काढून एकेकाला "आ करा" म्हणू लागले. ते पाद्र्याचा घसा तपासत असताना सिस्टर कढईतला डाव घेऊन बाहेर आली. तिने तो डाव त्यांच्यासमोर धरला, दाराकडे बोट दाखवलं आणि एवढंच म्हणाली, "आउट, डॉक."

त्यानंतरचे शनिवार आतोबांनी घरी काढले. त्यांनी मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांच्या जागा बदलल्या, आत्यांना कणीक मळायला शिकवलं आणि शेजारच्या इंग्रज बाईंना त्यांचं गुलाबाचं झाड चुकीच्या दिशेला असल्याचं कुंपणावरून कळवलं. शेवटी आत्याच मला घेऊन रेस्टॉरंटमध्ये गेल्या. सिस्टरने विचारलं, "डॉक कसे आहेत?"

"घरात आहेत," आत्या म्हणाल्या.

सिस्टरने त्यांच्याकडे नीट पाहिलं, खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि त्यांच्यासाठी चहा आणला. "पाठवा त्यांना. पण सॉरी म्हणायला हवं."

ह्या माणसाने कोणाला सॉरी म्हटल्याचं आत्यांनाही आठवत नव्हतं. पुढच्या शनिवारी ट्रॅममध्ये आतोबा माफीचं वाक्य जुळवत होते. त्यात 'दुर्दैवाने' होतं, 'गैरसमज' होता, पानांच्या प्रतीवर ठपका होता. पण काउंटरपाशी पोचल्यावर त्यांनी टोपी काढली आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "सिस्टर, मी ढवळलं. सॉरी."

"सांगितलं होतं ना? मग का?"

"आमच्याकडे घोटतात," आतोबा म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "आई घोटायची. मला वाटलं, घोटलं तर तसं होईल."

सिस्टरने फडकं उचललं. मग त्यांचं कोपऱ्यातलं टेबल पुसत म्हणाली, "झालं का तसं?"

"नाही."

"बसा."

त्या दिवशी तिने त्यांना वाढलं आणि ते जेवून होईपर्यंत शेजारी उभी राहिली.

त्यानंतर दीडेक वर्षाने, तिकडे बिकोलला आपल्या आईला बघणारं कोणी नाही म्हणून सिस्टर रेस्टॉरंट बंद करून गावी गेली. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मध्यंतरी एका शनिवारी मी आणि आतोबा कशासाठी तरी त्या बाजूला गेलो होतो. परतताना ट्रॅमच्या स्टॉपवर त्यांनी घड्याळ बघितलं, मनाशी काही हिशेब केला आणि म्हणाले, "तिच्याकडे आता रात्र झाली असेल." ट्रॅम आली, दारं उघडली आणि मिटली. आतोबा जागचे हलले नाहीत, म्हणून मीही थांबलो.