चौघींची 'अहो'

समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना सगळे कर्कशराव म्हणतात. स्वतःचा आवाज मांजराच्या पिलासारखा, पण नोकरी समुद्रकड्यावरच्या पक्ष्यांचे आवाज टिपायची. कड्यावर दहा हजार पक्षी, सगळे एका छापाचे, सगळे एकदम कोकलणारे. कर्कशराव त्यातल्या एखाद्या नराची हाक टिपून कर्ण्यातून वाजवतात आणि नेमकी त्याचीच मादी घरट्यातून मान वर काढते. शेजारच्या घरट्यातली ढिम्म! हीच कोकलपट्टी ते घरी भाजी चिरताना कर्ण्यावर पुन्हा ऐकतात.

"दहा हजारांत एक आवाज ओळखतात ही पाखरं, बरं का!" एकदा जेवताना त्यांनी फुशारकी मारली.

"आणि तुम्ही?" बायको म्हणाली. "परवा बाजारात तीनदा हाक मारली. वळलात?"

"अगं, तिथं सगळ्याच 'अहो' म्हणतात!"

"मग रविवारी आईकडे परीक्षा. नापास झालात तर कर्णा घराबाहेर."

कर्णा गेला की चार महिन्यांचं काम पाण्यात.

रविवारी सासूबाईंच्या अंगणात कर्कशराव आणि तिघे साडू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे चौघी बहिणी, गळे एकाच साच्यातून काढलेले.

"अहो!" पहिलीनं हाक मारली. तिन्ही साडू गर्रकन वळले. दुसरीला वळले, तिसरीलाही वळले. कर्कशराव मात्र खांबासारखे. चौथी हाक आली, तरी खांबच.

"जावईबापू नापास!" सासूबाईंनी निकाल दिला.

बायकोचा चेहरा पडला. "चौथी मी होते. बावीस वर्षांचा संसार, आणि पाखरांएवढीही ओळख नाही?"

"तू?" कर्कशराव चाट पडले. "इतकी मधाळ? हा आवाज मी जन्मात ऐकलेला नाही! मला वाटलं, साडूभाऊंचं नशीब."

साडूभाऊंनी खाली बघितलं.

"पुन्हा घ्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू गं, घरी मारतेस तशी मार."

पुन्हा भिंत. एक 'अहो' गेली, खांब हलला नाही. दुसरी सुटली मात्र, कर्कशराव जागच्या जागी उडाले आणि "आलो, आलो!" करत पिशवी शोधायला लागले.

कर्णा वाचला. बायको खूश झाली, पण घरी परतताना अर्ध्या वाटेत थबकली.

"माझा आवाज नेमका कसा आहे हो?"

"त्याचा अभ्यास," कर्कशराव पाय उचलत म्हणाले, "अजून चालू आहे."