हनुवटी वर

चोरखमाऱ्याच्या कालव्याखाली आमची धानाची शेती आहे. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सकाळी तिथून जाणाऱ्याला एक बाई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आभाळाकडे तोंड करून उभी दिसायची. डोळे मिटलेले, हनुवटी वर, आणि दोन बोटं गळ्यावरून फिरताहेत. नवख्या माणसाला वाटायचं, ही पावसाचा अंदाज घेते आहे. शेजारच्या शेतातला एक जण एकदा म्हशी घेऊन चालला होता. तो थांबला, त्यानंही बराच वेळ आभाळ न्याहाळलं, आणि शेवटी विचारलं, "वर इमान उडून राह्यलं का वो काकू?"

ती मान खाली न करता म्हणाली, "नाही गा. मलम लावून राह्यली. तू जाय, तुह्या म्हशी गेल्या पुढं."

ती माझी मोठी वहिनी, यमुना. धान रोवणाऱ्या बायकांच्या टोळीत पहिली पात तिची. म्हणजे रांगेच्या कडेला ती उभी राहणार, तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्या मागे सरकणार, आणि गाणंही तीच उचलणार. पहिल्या पातीची बाई मध्येच बांधीबाहेर, म्हणजे पाणी भरलेल्या खाचराबाहेर, आली की अख्खी रांग वाकडी होते. त्यामुळे एकदा चिखलात उतरली की बांधी संपेपर्यंत ती बाहेर यायची नाही. दुसरीकडे मी. तिरोड्यात माझं औषधांचं दुकान आहे. माझ्या अंगावर ऊन पडतं ते सकाळी शटर उचलताना आणि संध्याकाळी ते ओढताना. तरीही उन्हाबद्दल सल्ला द्यायची वेळ आली, तेव्हा घरात सर्वांत आधी तोंड मीच उघडलं.

वहिनीच्या हनुवटीखाली एक पांढरा डाग उठला होता. मग ओठाच्या कोपऱ्याशी एक, मग बोटांवर. कोड. हा शब्द आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही आणि हळू आवाजात मात्र दिवसभर बोलतात. टोळीतली कौतिका घरून स्वतःच्या पाण्याची बाटली आणायला लागली. वहिनीच्या ते लक्षात आलं नसतं तरच नवल. दुपारी धुऱ्यावर भाकर खाताना ती सर्वांसमोर म्हणाली, "पी वो कौतिका, आपलंच पानी पी. पन माह्या पिंपातलं पेलीस तरी डाग नाही लागत. लागला असता तं तुह्या दाजीले पहिले लागला असता." बायका खो खो हसल्या. कौतिकाही हसली, पण बाटली सोडली नाही.

खरा प्रश्न निघाला तो उन्हाचा. त्या वर्षी श्रावणात पावसानं दडी मारली आणि ऊन असं पडलं की बांधीतलं पाणी पायाला कोमट लागायचं. चार दिवसांत वहिनीच्या हनुवटीखालचा डाग लालभडक झाला, त्यावर फोड आले. जेवताना घास चावला तरी कातडी ताणायची. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ते पाहिलं. दादा फार बोलत नाही. तो ताटावरून उठला आणि म्हणाला, "उद्यापासून घरी बस. पात कौतिकाले दे."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? तोंड पाह्य आरशात."

"पाय चालून राह्यले, हात चालून राह्यले, कंबर चालून राह्यली," वहिनी म्हणाली. "हनुटीनं का मी धान रोवून राह्यली?"

दादाची भीती हटली नाही. शेवटी त्यानं अट घातली. हा रोवणा ती पुरा करेल, पण पुन्हा एकदा जरी भाजलं, तरी पुढल्या वर्षापासून पात कौतिकाची आणि वहिनी घरात. वहिनी "बरं" म्हणाली. ती इतक्या पटकन बरं म्हणाली की मला कळलं, घाबरली आहे. पहिली पात गेली असती तर तिच्यापाशी चूल, कोंबड्या आणि लोकांच्या नजरा एवढंच उरलं असतं.

इथे मी पुढे सरसावलो. दुकानातली उन्हापासून वाचवणाऱ्या मलमाची सर्वांत महागडी डबी घेऊन गावी गेलो. डबीवरची बाई इतकी गोरी होती की तिला ऊन ही वस्तू कुणी दाखवलेलीच नसावी. मी ओट्यावर उभा राहून छोटंसं भाषणही केलं. वहिनीनं डबी हुंगली. "गुलाबाची शेती करायची हाय का?" असं विचारून तिनं दुसऱ्या दिवशी ते मलम हरभऱ्याच्या दाण्याएवढं लावलं, आणि लगेच दुपट्टा कान-तोंड-गळा असा कचकचून बांधला, जसा आमच्याकडे उन्हाळा-पावसाळा सगळेच बांधतात. संध्याकाळी तिनं तो दुपट्टा माझ्यापुढे धरला. हनुवटीच्या जागी त्यावर पांढरा चट्टा.

"भाऊजी, तुमच्या मलमानं दुपट्टा गोरा झाला. मी तशीच हाय."

ती तशीच नव्हती. दुपट्टा कामाच्या घाईत गळ्यावरून सरकला होता आणि डागाची कड परत लाल झाली होती. दादानं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "हे भाजलं नाही धरत. पन आता डॉक्टर." दादानं आयुष्यात कुणाला दिलेली एवढीच सूट मला ठाऊक आहे.

गोंदियाच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई अर्ध्या हिंदीत बोलायच्या. त्यांनी पहिल्यांदा स्वच्छ सांगितलं, की कोड कुणाला लागत नाही आणि हे मलम त्याचं औषधही नाही. डागात कातडीचा रंगच नसतो, म्हणून ऊन सरळ आत जातं. मलम फक्त आड उभं राहतं. मग त्यांनी विचारलं, "सिर पे तो टोपी, कपडा सब रहता होगा. फिर ठुड्डी के नीचे कैसे जला?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे. मी तर औषधवाला, म्हणून तक्ता अगदी मन लावून वाचला.

"बांधी में पानी रहता है ना? धूप पानी पे गिरके वापस ऊपर आती है. झुकके काम करते हो, तो सीधा इधर," असं म्हणून बाईंनी आपल्याच गळ्याला हात लावला. वहिनी एकदम हसली. "म्हंजे सूर्य खालून डोकावून राह्यला बाप्पा!"

बाईंनी सगळं नीट समजावलं. आधी कापड. दादाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर, रुंद कडेची टोपी. कापड पोचत नाही तिथं मलम. बिनवासाचं, पाण्या-घामात टिकणारं, एसपीएफ तीसच्या वर आणि उन्हातल्या, भाजणाऱ्या आणि खोलवर जाणाऱ्या, दोन्ही जातींच्या किरणांना अडवणारं. कणभर नाही, चेहरा आणि गळ्याला मिळून दोन बोटं भरून. ऊन लागायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, सुकू द्यायचं, मगच दुपट्टा. आणि दर दोन तासांनी पुन्हा. महाग डबीचं त्यांनी नावही घेतलं नाही. त्यांनी लिहून दिलेली साधी ट्यूब माझ्याच दुकानात, खालच्या फळीवर, खोकल्याच्या औषधांमागे होती.

अडचण आली ती "पुन्हा"ची. रोवणाऱ्या बाईचे हात कोपरापर्यंत चिखलात. हात धुवायला कालवा लांब, पात सोडता येत नाही, आणि डाग अशा जागी की आरशाशिवाय दिसत नाही. पहिल्या दिवशी मी डबा पोचवायला शेतावर गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. दादा धुऱ्यावरून पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकत होता. दोन तास झाले तशी वहिनीनं रांगेतून, कंबर न उचलता, हाक मारली, "आयकून राह्यले का? ते ट्यूब आना."

दादा ट्यूब घेऊन धुऱ्याच्या कडेला आला. "हे घे."

"कायच्यानं घेऊ? हात पाहा माहे."

दादा उभाच. ज्या माणसानं लग्न सोडून कधी चारचौघांत बायकोचा हात धरलेला नव्हता, त्याच्यापुढे टोळीभर बायका वाकल्या वाकल्या मान वळवून बघत होत्या. कौतिका म्हणाली, "लावा जी दाजी, आमी डोळे मिटतो." एकीनंही मिटले नाहीत.

वहिनी हसत नव्हती. ती चिखलात उभी राहून त्याच्याकडे सरळ पाहत होती. "तुमचीच अट हाय," ती म्हणाली. "मंग तुमीच लावा."

दादा पिंपापाशी गेला. प्यायच्या पाण्यानं हात धुतले, दोनदा धुतले. धोतराला पुसले. मग बांधीत उतरला, दोन बोटांवर मलमाच्या दोन रेघा काढल्या, आणि घसा खाकरून, न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाला, "हनुटी वर."

वहिनीनं हनुवटी वर केली. त्यानं इतकं हळू लावलं, की मला पहाटे वासराच्या डोळ्याला औषध लावणारा त्याचा हात आठवला. मग वहिनीनंच गाणं उचललं आणि बायका परत वाकल्या. त्या दिवशी भाकरीच्या वेळी कौतिका पिंपातलं पाणी प्यायली. कारण तिची बाटली संपली होती, असं ती आजही सांगते.

मी दिवसभर बिनटोपीचा तिथंच रेंगाळलो होतो; संध्याकाळी माझं टक्कल टमाट्यासारखं झालं होतं. "भाऊजी," वहिनी म्हणाली, "दुकानातून एक ट्यूब सोतासाठीबी घेत जा."

रोवणा पुरा झाला, हनुवटी शाबूत राहिली, पात वहिनीकडेच राहिली. पुढे कितीतरी वर्षं. इतर बायकांनाही ट्यूब हवी झाली. काहींना वाटलं, यानं गोरेपण येतं. वहिनी त्यांना झापायची, "फोटोले नाही वो, भाजू नये म्हनून लावाचं हाय. आनं सकाळी एकदा लावलं का झालं, असं नाही. दर दोन तासानं लावाचं." गोरी बाई असलेल्या डब्या माझ्याकडे अजून पडून आहेत.

मागच्या थंडीत वहिनी गेली. हृदयानं दगा दिला, कातडीनं नाही. आदल्या रोवण्यापर्यंत पहिली पात तिचीच होती.

यंदा रोवण्याला मी गेलो. पात कौतिकानं धरली होती. उतरण्याआधी सगळ्या बायका धुऱ्यावर रांगेनं उभ्या राहिल्या, कौतिका ओरडली, "हनुटी वर!" आणि टोळीच्या टोळी आभाळाकडे तोंड करून उभी. दादा पिंपापाशी गेला. हात धुतले, दोनदा धुतले, पुसले. खिशातून ट्यूब काढून दोन बोटांवर दोन रेघा ओढल्या. मग तो तसाच थांबला. बोटं समोर धरलेली.

बायका बांधीत उतरल्या. दादानं माझ्याकडे पाहिलं. "ये इकडं, टकल्या."

मी गेलो. त्यानं घसा खाकरला.

"मान खाली," तो म्हणाला.