दोन्हींना एकच काम

उधन्याच्या बाजारात माझ्या बायकोला बीजुंवाली म्हणत. बीजुं म्हणजे गुजरातीत दुसरं. दुकानदाराने एक वस्तू पुढे केली की ही म्हणणार, "बीजुं बतावो." झाडू असो की कुकर, एकटी वस्तू तिने कधी घेतली नाही. घरात ती अहिराणी मिसळूनच बोलायची. माझ्याशी भांडण झालं की म्हणे, "माले एकच दाखाडा, म्हनीसन हाई वखत उनी." लग्नाच्या वेळी तिला दुसरं स्थळ दाखवलं नव्हतं, हा तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

पारख करायची तिची रीत सोपी होती. दोन्हींना एकच काम द्यायचं आणि बघत बसायचं. मिक्सर घ्यायला गेली तेव्हा घरून शेंगदाणे आणि सुक्या मिरच्या बांधून नेल्या. दोन मिक्सरांत दुकानातच चटणी वाटली. सगळं दुकान शिंकत होतं. शेजारणी हसायच्या, पण घरात मोठी वस्तू घ्यायची झाली की हिलाच बोलवायच्या.

आमची मुलगी रेखा सासर सोडून घरी आली. का आली ते मी लिहीत नाही. साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवायचं काम ती शिकली. मशीन कुठे टाका घालणार ते सगळं त्यात भरावं लागतं. तिचा कॉम्प्युटरचा जुना डबा पदराचं डिझाइन उघडतानाच झोपायचा. मग आम्ही तिघं नवा घ्यायला गेलो.

दुकानदाराने दोन दाखवले. म्हणाला, बाकी सगळं सारखं, फक्त आतला प्रोसेसर वेगळा. एकाचा आकडा मोठा, एकाचा लहान. मोठ्यावर हात ठेवून म्हणाला, "काकी, आ तो रॉकेट छे!"

"रॉकेट आमना पत्रामां चालसे का?" हिने तिच्या गुजरातीत विचारलं. आमच्या घरावर पत्रा आहे. मे महिन्यात आत भाकरी भाजेल. तिने दुकानाचा एसी बंद करायला लावला, दार लोटायला लावलं. रेखाने आपलं सगळ्यात जड डिझाइन दोन्हींत घातलं. मोठ्याने आधी संपवलं. रेखा खुश. ही म्हणाली, "पुन्हा." पुन्हा, आणि पुन्हा. दुकानदार रुमालाने मान पुसत होता. मोठा तापला, त्याचा पंखा भोंग्यासारखा ओरडायला लागला आणि तो रेंगाळला. लहान पहिल्यापासून होता त्याच चालीने चालत राहिला. हिने लहान उचलला.

रेखा रडकुंडीला आली. "आई, कारखान्यात जो आधी नमुना देतो त्यालाच काम मिळतं गं!"

"पहिला येस त्याले शाबासकी मिळस. रोज येस तो घर चालाडस."

ती बरोबर होती असं मी म्हणणार नाही. हळू चालतो म्हणून रेखाची कामं गेली, हे खरं. पत्र्याखाली तो एकदाही बंद पडला नाही, हेही खरं.

पुढे हिचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, गरमीपासून जपा, नाहीतर या उन्हाळ्यात कठीण आहे. आम्ही एसीचं नाव काढलं की ती तोंड फिरवायची. "म्हातारीसाठी एसी? लोक थुंकतील." दोन-तीनदा विचारलं. मग तिने जेवण बंद केलं, तेव्हा आम्ही तो विषय सोडला.

एक दिवस रेखाने नवा कॉम्प्युटर आणला. मागोमाग एसीवाला आला. "आई, याचा प्रोसेसर फार तापतो. एसी नसेल तर जळून जाईल," असं तिने सांगितलं. मशीनसाठी म्हटल्यावर हिने एसी लावू दिला. तिची खाट त्याच खोलीत टाकली. मी आत-बाहेर केलं की ओरडायची, "दार लावा, मशीनले गरमी व्हस!" मी लावत असे. तिचा श्वास जरा सुधारला होता.

मेच्या शेवटी एका दुपारी रेखा कारखान्यात गेली होती. जाताना नवा किती पळतो ते बघायला तिने जुन्या-नव्या दोन्हींत एकच डिझाइन लावून ठेवलं होतं. लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिले, एसी बंद पडला. मी पुठ्ठा घेऊन वारा घालायला आत गेलो, तर ही खाटेवरून उठून दोन्ही डब्यांवर एकेक हात ठेवून उभी होती.

"नवा कधीच मोकळा झाला," ती म्हणाली. "जुना अजून रडतोय. आणि एसी बंद, तरी नवाच गार आहे."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हाताने थांबवलं. खाटेवर बसायला तिला माझा खांदा लागला.

"रेखाले सांगू नका," म्हणाली. "तिले वाटू द्या, माले कळत नाही."

लाइट आली. एसी सुरू झाला. तिने पाय लांब केले, डोळे मिटले आणि मला म्हणाली, "दार लावा."

जून लागायच्या आत ती गेली. रेखाला मी सांगितलेलं नाही.