उसनीचा आवाज

तिचा चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, पण आवाज शहरभर सांडलेला होता. लिफ्टमध्ये मजला सांगणारी ती, फोनवर थांबायला लावणारी ती, परक्या भाषेतल्या सिनेमांतल्या राजकन्या, सावत्र आया, बोलक्या मांजरी, सगळ्यांच्या तोंडी तीच. दुकानात तिने "जरा ताजी बघून द्या" म्हटलं की भाजीवाला मान वर करायचा. हिला आपण कुठे भेटलोय, या विचारात एखादं लिंबू जास्तच टाकायचा. स्टुडिओत तिला आवाजबाई म्हणत. नवरा यंत्रांच्या खडखडाटात नोकरी करायचा. तो म्हणायचा, "घरात जरा मोठ्याने बोल गं. बाहेर माइक मिळतो तुला, इथे माझे कान आहेत, तेही अर्धे."

गळ्याला ती दुकान म्हणायची. भर उन्हातही गळ्याभोवती रुमाल, बर्फाचं नाव नाही, सकाळ-संध्याकाळ वाफारा. पडसं आलं की घरात सुतक असल्यासारखी वावरायची.

घराला एक नियम होता, आणि तो तिनेच केलेला. शाळेतून आल्यावर मुलगी आतून कडी लावून बसायची. मुलीला टिल्ली म्हणत, वय सात, अंगाने त्याहूनही लहान. दाराला बाहेर बघायचं भिंग होतं, पण टिल्लीची उंची तिथवर पोचत नव्हती. म्हणून आईने बजावून ठेवलं होतं, "कोणी काहीही सांगू दे, माझा आवाज ऐकल्याशिवाय कडी काढायची नाही." संध्याकाळी ती जिना चढून यायची, दाराशी वाकायची आणि म्हणायची, "बाळा, दार उघड. मीच आहे." कडी खाली यायची. इतर लोक किल्ली बाळगतात. हिची किल्ली घशात होती.

मग तो सिनेमा आला.

तो ज्या पुस्तकावरून काढला होता ते पुस्तक तिने लहानपणी वाचलं होतं. परीकथांच्या कपाटात कोणीतरी चुकून ठेवलेलं, असं ते पुस्तक. त्यात जिन्याखालच्या अंधारात उसनी राहते. तिला स्वतःचा आवाज नाही, ती दुसऱ्याचा उसना घेते आणि दाराबाहेर उभी राहून हाका मारते. ती दिसते कशी, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. लहानपणी ते पान वाचून झाल्यावर ती आपल्या आईकडे पाणीही मागू शकली नव्हती. तहानलेलीच झोपली होती.

पडद्यावरची उसनी मात्र छताला टेकणारी होती. ओले केस, नखं, जबड्यात दातांच्या दोन रांगा. मूळ सिनेमात ती नुसती गुरगुरत होती.

"बाई, आईचं कामही तुमचंच आणि या भवानीचंही," डबिंगचे मास्तर म्हणाले. "हिला जरा घोगरा आवाज लावा. बाकीचं आम्ही मशीनवर करतो."

"पुस्तकात ती गुरगुरत नाही," ती म्हणाली. "आईसारखीच बोलते. हुबेहूब."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हसला. "ताई, पुस्तकात दातही नाहीत म्हणे. मग काय, हिला दंतवैद्याकडे नेऊ?"

"दात दिसले की भीती कमी होते रे. केवढे आहेत ते कळतं ना."

समोरच्या कागदावर संवाद होता, 'कवाड उघड लेकरा, तुझी माता आली आहे.' तिने तो वाचला आणि तिला हसू आलं. "कुठली आई असं बोलते हो, मास्तर? नाटकातलीसुद्धा नाही."

"मग तुम्ही काय म्हणता घरी?"

हेडफोन सारखे करून ती माइककडे वाकली, जशी रोज दाराशी वाकायची तशी, आणि म्हणाली, "बाळा, दार उघड. मीच आहे."

पडद्यावर दातांचा जबडा हलत होता आणि त्यातून एक दमलेली, मायाळू बाई बोलत होती. रेकॉर्डिस्टच्या तोंडावरचं हसू उतरलं. मास्तर म्हणाले, "हेच ठेवा." त्या दिवशी ती हवेत तरंगतच घरी आली. पुस्तकाचा आब राखला, असं तिला वाटत होतं. आपण काय वापरून बसलो, हे तिच्या गावीही नव्हतं.

सिनेमा लागला तेव्हा टिल्लीला तो दाखवायचा नाही असं ठरलं होतं. पण काकाने कुणाला न विचारता पुतणीला नेलं. "वहिनींचाच तर पिक्चर," हे त्याचं म्हणणं. टिल्ली परत आली ती अगदी शहाण्या मुलीसारखी. रडणं नाही, हट्ट नाही. तिथेच आईला शंका यायला हवी होती.

"त्यात तू कुठे होतीस?" टिल्लीने विचारलं.

"आईच्या आवाजात. ओळखलास की नाही?"

"आणि उसनीच्या?"

"तिच्यातही मीच!" तिने अभिमानाने सांगितलं.

टिल्लीने मान डोलावली आणि चपला काढायला लागली. पुढचे काही दिवस आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की ती उत्तर न देता दारात येऊन उभी राहायची, आधी बघायची, मग ओ द्यायची. आईला वाटलं, मोठी व्हायला लागली.

त्या संध्याकाळी ती जिना चढून आली. दाराशी वाकली. "बाळा, दार उघड. मीच आहे."

आत काहीतरी हललं आणि थांबलं.

"टिल्ली? अगं, मीच आहे. दार उघड."

खुर्ची फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, आणि खुर्ची दाराला येऊन टेकली. मग दाराखालच्या फटीतून कागदाचं टोक बाहेर आलं. जुनं वर्तमानपत्र. त्याच्या शेजारी दुसरं टोक, मग तिसरं. कोणीतरी आतून फट भरत होतं, नीट, चुण्या घालून.

ती त्या टोकांकडे बघत राहिली, आणि तिला आठवलं. सिनेमात पोरगी असंच करते. फटीत कागद कोंबते, पलीकडून दार फोडायला सुरुवात झाली की काडी ओढते, आणि उसनी दारासकट जळून जाते. लोक टाळ्या वाजवतात. पुस्तकात आग नाही, काडी नाही. ती सगळी सिनेमावाल्यांची करणी. पण टिल्लीने पुस्तक कुठे वाचलं होतं?

आत आगपेटी हलवल्याचा खुळखुळ आवाज झाला.

"टिल्ली, ती आधी खाली ठेव!" ती ओरडली. ओरडतानाच तिच्या कानांनी ऐकलं, सिनेमातली उसनीही अशीच ओरडते. याच गळ्यातून. आतला खुळखुळ वाढला.

तिने नवऱ्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. त्या खडखडाटात त्याला ती ऐकू येणं शक्य नव्हतं. बोलावं तर पोर घाबरणार, गप्प राहावं तर काडी ओढणार. जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या गळ्याची भीती वाटली, जसं कोणीतरी आत राहायला आलं आहे आणि भाडेकरू आपण आहोत.

समोरच्या खोलीतला शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला. "काय झालं वहिनी?"

ती त्याच्या कानाशी कुजबुजली. काय झालंय, आत काय चाललंय.

"अरे देवा. दार तोडतो मी."

"नको, नको! तोडायला लागलं की ती पेटवणार. सिनेमात तसंच आहे. तुम्ही बोला तिच्याशी. मी सांगते ते बोला. माझा आवाज नको."

शिंपी दाराशी बसला. त्याने जन्मात गोष्टीचं पुस्तक हातात धरलं नव्हतं. घसा खाकरून तो म्हणाला, "टिल्लीबाई, मी शिंपीकाका. फ्रॉकवाला. ते काडीबिडीचं राहू दे बरं. पुस्तकात तसं नाहीये म्हणे."

आतून बारीक आवाज आला. "पिक्चरमध्ये आहे."

"पिक्चरवाल्यांचं काय घेऊन बसलीस पोरी! त्यांचं घर थोडंच जळतंय?"

"मग पुस्तकात ती कशाने मरते?"

शिंप्याने वळून बघितलं. आईने मान हलवली. तो म्हणाला, "मरत नाही म्हणे."

आत पुन्हा काड्या खुळखुळल्या. खोटं सांगायला हवं होतं. पण आता उशीर झाला होता.

"मरत नाही?" टिल्लीचा आवाज रडवेला झाला. "मग ती पोरगी काय करते?"

आई घाईघाईने कुजबुजू लागली, शिंपी तुकड्यातुकड्याने पुढे देऊ लागला. "ती पोरगी... दाराला पाठ लावून बसते. काय? हां. आणि विचारते, तुला भीती कशाची वाटते? तर उसनीला सांगता येत नाही. कारण काय, तर तिचं सगळं उधारीचं. आवाज दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचे. भीती मात्र उसनी मिळत नाही. म्हणून ती निघून जाते." आणि त्याने आपल्या पदरचं जोडलं, "बघ, आगपेटी लागलीच नाही."

आतला खुळखुळ थांबला. मग अगदी दाराला लागून, खालून, प्रश्न आला.

"तिला विचारा. तिला कशाची भीती वाटते?"

शिंप्याने विचारलं नाही. तो नुसता बाजूला सरकला.

ती जमिनीवर बसली. रोजचा, कमावलेला, गोल आवाज आणायला गेली, पण तो आलाच नाही. घशातून जे निघालं ते फाटकं होतं. मध्येच तुटत होतं. मास्तरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, बाई, पुन्हा घेऊ.

"तू काडी ओढशील. फ्रॉक पेटेल. मी इथेच बसलेली असेन, मला आत येता येणार नाही. सकाळपासून दुसऱ्यांचंच बोलते मी टिल्ली, दिवसभर. तुला कळणारच नाही कोण बोलतंय, याची भीती वाटते. आत्ता वाटतेय. हात बघ कसे... तुला दिसत नाहीत ना. थरथरतायत."

शिंपी टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभा होता.

खुर्ची सरकली. कडी खाली आली, पण दार वीतभरच उघडलं. फटीतून आधी एक डोळा दिसला. तो तिच्या हातांकडे बघत होता. मग आगपेटी बाहेर आली, शिंप्याच्या हातात गेली. तिच्यातल्या काड्या अर्ध्या मोडलेल्या होत्या. टिल्लीने ओढून बघितल्या होत्या, पण पेटल्या नव्हत्या. ओल्या हातांनी काड्या पेटत नाहीत, आणि भीतीने टिल्लीचे तळवे भिजून गेले होते.

आईने तिला कुशीत घेतलं. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तसा टिल्लीने चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "थोडा वेळ."

तिने मान हलवली. दाराखालचे कागद काढले, खुर्ची जागेवर नेली, दिवा लावला, सगळं न बोलता. टिल्ली तिच्या मागे मागे फिरत होती, पदराला धरून, पण ओठांकडे लक्ष ठेवून. थोडा वेळ म्हणजे किती, हे तिने सांगितलं नव्हतं, आणि ते विचारायलाही बोलावंच लागणार होतं.